लिंबाखाली पडलेले डबे

माझा थोरला भाऊ एकोणतीस वर्षं समुद्रकाठच्या हवामान केंद्रात रोज सकाळी फुगा सोडायचा. फुग्याला बांधलेला पांढरा डबा वर जाता जाता वाऱ्याचे, ओलीचे आकडे खाली कळवायचा. फुगा फुटला की डबा छोट्या छत्रीला लटकून कुठंही पडे. "लेक माहेरी येते, डबा येत नाही," दादा म्हणायचा. जेवतानाही तो खिडकीकडे तोंड करून बसे. वहिनी म्हणायची, "यांचा एक डोळा ताटात, एक ढगात."

एका आठवड्यात माझ्या सासरी, डोंगरउतारावरच्या आमच्या परसात, लिंबाखाली, एक डबा पडला. दुसऱ्या दिवशी तिथंच दुसरा. मग तिसरा. खाली तर पानही हलत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "भावाला सांग, पाठवायचंच तर खाण्याजोगं काही पाठव."

चौथ्या दिवशी सकाळी मी फोन केला. पलीकडे दादाच्या नोंदवहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"एकाच झाडाखाली?"

"हो."

"तीन दिवस डबे वरचा वारा तोच दाखवतायत. वारा असा थांबत नाही, म्हणून डबे बिघडलेत असं मी लिहिलं. वर खूप उंचावर जोरकस वाऱ्याचा पट्टा असतो, रोज सरकतो. या वेळी वळण घेऊन तो तिथंच अडकलाय. त्याच्या खालून समुद्राची वाफ नदीसारखी येते. पट्टा सरकला नाही, तर ती नदी तुमच्याच उतारावर रिकामी होईल. मी वरिष्ठांना कळवतो. तू शेजाऱ्यांना सांग आणि सासूबाईंना घेऊन आजच इकडे माझ्याकडे ये."

सासूबाई हलेनात. "ऊन पडलंय, कपडे वाळतायत. डब्याला भिऊन घर सोडू?"

मी मनात देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात आवाज न करता चौथा डबा लिंबाखाली उतरला. त्याची छत्री हळूहळू मिटली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

संध्याकाळी सुरू झालेला पाऊस दोन दिवस फक्त आमच्या उतारावर कोसळला. दरीपलीकडे कपडे वाळत होते. आमच्या उतारावरची माणसं सगळी आधीच निघाली होती. दरड सुटली आणि आमचं स्वयंपाकघर, परस आणि लिंब खाली दरीत गेले.

दादाने वहीतला 'बिघाड' खोडून लिहिलं, 'डबे बरोबर होते. चूक माझी.'

मग त्याने त्या दिवशीचा फुगा सोडला. सासूबाई केंद्राच्या पायरीवर उभ्या होत्या. फुगा चढला, वळला आणि आमच्या घराच्या वाटेला लागला.