गुगळाचा नेम सुटला तेव्हा

खरं सांगतो, गेल्या हिवाळ्यात माझा वैजनाथावरचा भरवसा डळमळला होता. सोमवार चुकवला नाही, बेल चुकवला नाही, तरी दमा काही हटेना. चार पावलं चाललो की छातीत शिट्टी वाजायची. परळीतलं कापडाचं दुकान त्यापायीच बंद केलं. आमची ही जाऊन दोन वर्षं झालेली, लेक पुण्याला. दिवसदिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. मी स्वभावानं तिरसट, त्यामुळे विचारायला येणाऱ्यांनाही मीच तोडून टाकलं होतं.

हिचा एक नेम होता. दिवेलागणीला देवघरात निखाऱ्यावर गुगूळ टाकायची. ती गेल्यावर तो नेम मी धरला. धूर बाहेर जाऊ नये म्हणून दार-खिडकी लावून बसायचो, कारण त्या वासात ती घरात असल्यासारखी वाटायची. हे कुणाला सांगितलं नव्हतं. दमा वाढला तसं मला वाटलं, आपली सेवाच कमी पडतेय. म्हणून सकाळीही धूप सुरू केला. एका सकाळी धूपानंतर श्वास असा अडकला की पाणी मागता येईना. कसाबसा दारात आलो. शेजारच्या रिक्षावाल्यानं पाहिलं आणि उचलूनच सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं वाफ दिली, छाती मोकळी झाली. डॉक्टरबाई नवीन होत्या, लेकीच्या वयाच्या. गोळ्या देऊन वाटेला लावतील असं वाटलं, तर स्टूल ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, "काका, पंप कसा घेता, दाखवा बरं." चार वर्षं घेतोय, मला काय शिकवता, असं मी फटकन बोललो. तरी घेऊन दाखवला. "औषध जिभेवरच राहिलं, छातीत गेलंच न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. मग पंपाला नळकांडं लावून सावकाश श्वास ओढायला, धरायला शिकवलं. मला दोन पंप दिलेले होते, त्यातला दुसरा मी बरं वाटलं की बंद करायचो. तो रोज घ्यायचा होता.

"घरात धूर कशाचा होतो?"

"बिडी न्हाई, चूल न्हाई. देवाचा धूप तेवढा हाय," मी आवाज चढवला.

"सोमवार मी पण धरते, काका. पण धूप बंद करा. घरी सोबत कोण असतं?"

कुणी न्हाई, एवढंच म्हणालो आणि रडू फुटलं. ही गेली तेव्हाही मी रडलो नव्हतो. बंद खिडकीचं, वासाचं, सगळं सांगून टाकलं. बाहेर रांग लागली होती, तरी बाई उठल्या नाहीत. परतताना रिक्षावाला म्हणाला, "कावून आधी सांगितलं न्हाई, काका? मी भिंतीपलीकडंच हाय की."

त्या संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून नुसता दिवा लावला. देवघरात कसलाच वास नव्हता. ती घरात नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. पण श्वास तळापर्यंत गेला. आजही एकटाच असतो, खोटं कशाला बोलू. रोज पंप घेतो, मग जप करतो. त्या बाईंच्या रूपानं कोण आलं होतं, यावर मी वाद घालत नाही. इतकी वर्षं मी देवाला बेल वाहिला, फुलं वाहिली. धुराआड मात्र हिला धरून बसलो होतो. त्या संध्याकाळी हात जोडले आणि तिला त्याच्या हवाली केलं.