कुठं भेव वाटलं?

वाचकांची आधीच क्षमा मागतो. मी आयुष्यभर महाविद्यालयात शिकवले, पण लिहिले ते उत्तरपत्रिकांच्या समासात, तेही लाल शाईने. साठी उलटल्यावर एखाद्या माणसाविषयी लिहायला बसावे, असा माझा अधिकार नाही. तरीही अंबडच्या त्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा एक प्रश्न मनातून जात नाही.

गाडी घेऊन कोणीही त्याच्या दुकानी गेले, तरी तो आधी बॉनेट उघडत नसे. चिंधीला हात पुसत विचारी, "कुठं भेव वाटलं?"

गिऱ्हाईक वैतागे. "भेव कशाचं? गाडी झटके मारून राह्यलीय!"

"त्येच. झटका बसला तवा होते कुठं? वळणावर का चढावर?"

उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लागत नसे. तो स्वतः विलक्षण भित्रा होता. पालीला भिई, इंजेक्शनला भिई, आणि सारा जन्म तारांमध्ये घालवून विजेलाही भिई. कोणी हसले तर म्हणे, "भेणारा मानूस वायर बराबर जोडतो."

माझी भीती मात्र हसण्यासारखी नव्हती. पत्नीला ठरलेल्या दिवशी डायलिसिससाठी जालन्याला न्यावे लागते. परतताना तिच्यात बसमध्ये उभे राहण्याचे त्राण उरत नाही, म्हणून मी उतारवयात गाडी चालवायला शिकलो. त्या वर्षी उन्हाळा लागला आणि पुलापुढच्या चढणीवर गाडी धापा टाकू लागली. मागून काळा धूर येई, वेग मरे, आणि आरशात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मोठा मोठा होत जाई. पत्नी मागच्या सीटवर बसलेली असे. डायलिसिसची सुई जिथे टोचत, ती तिच्या मनगटाची शीर माझ्या डोळ्यांपुढे येई.

"जय भीम, सर. कुठं भेव वाटलं?"

दुकानाच्या दारातच मी सारे सांगितले. त्याने तपासणीचे यंत्र जोडले. इंजिनात जाणारी हवा किती गरम आहे, हे सांगणारा एक लहानसा सेन्सर असतो. त्याच्या सांगण्यावरून गाडीचा संगणक पेट्रोल सोडतो, हवा थंड असली तर जास्त. त्याच सेन्सरची तक्रार यंत्रात नोंदली गेली होती. त्याने नवा सेन्सर बसवला. दुकानापुढे गाडी शांतपणे चालू राहिली.

पुढच्याच खेपेला ती त्याच चढणीवर बंद पडली. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने कशीबशी बगल दिली आणि जाताना माझ्या पांढऱ्या केसांचा उद्धार केला. गाडी पुन्हा सुरू झाली. सकाळ होताच मी ती त्याच्या दुकानी नेली.

"चुकलो, सर," तो म्हणाला. "गाडी उभी करून तपासली. भेव तर चढावर व्हतं. चला तिथंच."

डायलिसिस दुसऱ्या दिवशी होते, म्हणून आम्ही त्याच दुपारी निघालो. पत्नी हट्टाने सोबत आली. "दोघं एका डब्याला भेता, तिसरं कोणी शहाणं नको का?" ती म्हणाली.

तो माझ्या शेजारी यंत्र घेऊन बसला. हवेचे तापमान बेचाळीस दाखवत होते. चढण आली, इंजिनाने हिसका दिला आणि आकडा एकदम उणे चाळीसवर कोसळला.

"ताई, स्वेटर आणलं का? गाडीला बर्फ दिसून राह्यलाय!"

ती हसली. मला हसता आले नाही. गाडी कडेला घेऊन, इंजिन सुरू ठेवून आम्ही उतरलो. सेन्सरचा प्लग काढून त्याने त्यातली दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडली. वायर धड असेल, तर आता आकडा वर चढून तिथेच टिकायला हवा, असे तो म्हणाला. आकडा चढला. त्याने वायरीचा झुपका हलवताच आकडा पडला, पुन्हा चढला.

"सेन्सरला उगीच फाशी दिली. गुन्हेगार वायर हाय."

प्लग परत बसवून त्याने यंत्र पत्नीच्या हाती दिले आणि वायर बोटाबोटाने चाचपू लागला. ती आतून आकडे वाचत होती.

"बेचाळीस... बेचाळीस... बेचाळीस..."

शेजारून ट्रक जात, गाडी हादरे. बॅटरीजवळ वायर आवळणाऱ्या पट्टीपाशी त्याचे बोट पोहोचले.

"मायनस चाळीस!"

तो तिथेच थांबला. वरचे प्लास्टिक शाबूत होते. आत तांबे तुटलेले, टोकाला टोक जेमतेम टेकलेले. नवा तुकडा जोडून त्याने मला त्याच चढणीवर पुन्हा गाडी चालवायला लावली.

"आता भेव वाटलं का?"

"थोडेसे."

"तेवढं राहू द्या. ते गाडीचं न्हाई, तुमचं हाय."

दुसऱ्या वर्षी एकदा दुकान बंद दिसले. छातीत कळ आल्याने त्याला जालन्याला दाखल केले होते. आम्ही डायलिसिस उरकून तिथे गेलो. भोवतीचे नातेवाईक सारखे सांगत होते, "भेऊ नको, काही होत न्हाई." तो छताकडे पाहत होता. पत्नी पट्टी बांधलेला हात सावरत वाकली.

"दादा, कुठं भेव वाटलं?"

त्याने मान वळवली. "जिन्यात, ताई. मधीच. वर जाता येईना, खाली येता येईना." मग, बराच वेळ कोणी विचारण्याचीच वाट पाहत असल्यासारखा, तो बोलत राहिला. ती पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती.

तो परत आला नाही. त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे मिळतात.

आमच्या खेपा सुरू आहेत. वायर टिकून आहे. पुलापुढची चढण आली की पत्नी मागच्या सीटवरून हळूच म्हणू लागते, "बेचाळीस... बेचाळीस..." मला धीर यावा म्हणून म्हणते, असे मी धरून चाललो आहे. हल्ली ती चढण संपल्यावरही म्हणत राहते. आरशात पाहावे तर डोळे मिटलेले असतात.

तिला कुठे भीती वाटते, हे मी अजून विचारलेले नाही. ती काय सांगेल, याचेच मला भय वाटते. वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर विचारले असते का?