मी लपवलेलं नाव

"एमपॉक्स आहे," नांदेडच्या डॉक्टर मॅडम दवाखान्यातल्या माझ्या खोलीच्या दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या. एमपॉक्स म्हणजे देवीच्या आजाराच्या जातीतला, अंगाला अंग लागून पसरणारा रोग. मोठी माणसं बहुतेक बरी होतात.

"घरात लहान कोण?"

"मुलगी. पाच महिन्यांची."

मॅडमचं लिहिणं थांबलं.

मी आखातात वायरमन. मुलीला पहिल्यांदा बघायला अर्धापूरला आलो होतो. दोन दिवस तिला छातीवरून खाली ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी अंग तापलं. वाटलं, प्रवासाचा शीण.

चौथ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या कविताताई आल्या, मास्क लावून. "दादा, तुमचं नाव परदेशातून आलंय."

आखातातल्या खोलीत माझ्या शेजारी झोपणारा नेपाळचा दीपक आजारी पडला होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारताच त्यानं माझं नाव सांगितलं. तिथून दिल्ली, दिल्लीहून मुंबई, मुंबईहून नांदेड असा निरोप फिरला. तापाचं खरं कारण मला कळायच्या आधीच तो माझ्या दारात पोचला होता.

त्याच दुपारी मला दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं. तळहातावर फोड आले. फोडातलं पाणी पुण्याला तपासायला गेलं.

रिपोर्ट आल्यावर मॅडमनी विचारलं, "आणखी कुणाजवळ गेला होता?"

मी म्हणालो, "कुणाजवळ न्हाई."

ते खोटं होतं. ताप आला त्या दिवशी संजयच्या सलूनमध्ये दाढी केली होती. हनुवटीवरची पुळी वस्तऱ्याखाली फुटली होती. संजय माझा शाळेपासूनचा मित्र. लग्नसराईत त्याचं दुकान बंद पडेल, म्हणून गप्प बसलो.

घरी बायको रेखा आणि बाळ एकवीस दिवस नजरेखाली. रोग अंगात शिरून दिसायला एवढे दिवस लागू शकतात, त्याला इन्क्युबेशन पिरियड म्हणतात. दवाखान्यातल्या आठव्या दिवशी रेखाचा फोन आला. "बाळाच्या मानेवर पुळी हाय. लाल हाय."

मला संजयच्या वस्तऱ्याखाली फुटलेली पुळी आठवली. बेल वाजवून मॅडमना बोलावलं आणि संजयचं नाव सांगितलं.

"आठ दिवस गेले?" एवढंच त्या म्हणाल्या.

कविताताई सलूनवर पोचल्या तेव्हा संजयच्या बोटावर फोड होता, आणि खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं होतं.

संध्याकाळी त्याला शेजारच्या खोलीत आणलं. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. "माझं नाव कवा सांगितलंस?"

"आज."

पलीकडे खाट भिंतीपासून दूर सरकल्याचा आवाज आला. त्याच्या गिऱ्हाइकांची घरं शोधत कविताताई उन्हात फिरत होत्या.

बाळाचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. घामोळं निघालं. मी भिंतीला डोकं टेकवून रडलो. पलीकडे संजय कण्हत होता.

त्याच्या गिऱ्हाइकांपैकी दोघांना रोग झाला. सगळे वाचले. संजय अजून माझ्याशी बोलत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली, कुणी विचारलं, तर त्याच दिवशी सांगा. परमुलखात, नोकरी जाईल हे माहीत असूनही दीपकनं माझं नाव पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून मी वेळेवर मुलीपासून दूर झालो. संजयच्याही घरात लहान मूल आहे, पण त्याला ती वेळ मी दिली नाही.