रेगेसाहेबांची जपानी मैफल

रेगेसाहेबांना जपानी येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्यासारखा तुमचाही गोंधळ उडायला नको. उडालाच तर माझा इलाज नाही. 'धन्यवाद', 'माफ करा' आणि एक ते दहा आकडे, एवढ्या भांडवलावर हा माणूस दुबईतल्या आमच्या जपानी कंपनीच्या प्रत्येक कराओके पार्टीची गाणी निवडायचा. आणि निवड अशी, की एरवी टायची गाठ सैल न करणारी जपानी साहेब मंडळी दुसऱ्या गाण्यालाच खुर्ची सोडून उभी असायची.

आम्ही दोघं शारजाला अल नहदात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. मी कंपनीत नवा होतो, लायसन्स अजून मिळालं नव्हतं, म्हणून ऑफिसला त्यांच्याच गाडीतून जायचो. पहिल्या दिवशी दुबईच्या हद्दीपाशी नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली आणि त्यांनी एक जपानी गाणं लावलं. मला म्हणाले, "समीर, ऐकू नकोस. नुसता बस." मी बसलो. अर्ध्यातच त्यांनी गाणं बंद केलं आणि निकाल दिला, "खलास. नापास. तुझा पाय हलला नाही."

मग हे रोजचंच झालं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं आणि त्याचा त्यांना कोण आनंद झाला होता. माझ्यासारख्या माणसाचा पाय हलला म्हणजे अख्खी खोली हलणार, असा त्यांचा हिशोब. मी पदवीधर, हिशोब तपासनीस, आणि कंपनीतला माझा खरा उपयोग हा! घरी बायकोला सांगितलं तर तिला वाटलं मी थापा मारतोय.

गाणी निवडायचे त्यांचे नियम होते. टाळी कुठे द्यायची हे पहिल्या कडव्यातच कळलं पाहिजे. मध्ये बाकीच्यांना ओरडायला जागा हवी. लहानपणी टीव्हीवर बघितलेल्या कार्टूनचं गाणं एक तरी हवंच, कारण कितीही मोठा साहेब असला तरी त्याला ते पाठ असतं. उन्हाळ्यातल्या जत्रेत गोल फिरून नाचायचं ढोलाचं गाणं मधोमध ठेवायचं. पहिल्या गाण्याबद्दल ते म्हणायचे, "पहिलं गाणं पानातल्या मिठासारखं असावं. कुणी वाखाणत नाही, पण ते वाढल्याशिवाय पंगत बसल्यासारखी वाटत नाही." शब्दांचा अर्थ विचारला की वैतागायचे. अर्थ कळला की माणूस बसून ऐकतो, नाचत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. 

त्या वर्षी ते साठ वर्षांचे होणार होते. साठीनंतर नोकरी वाढवून मिळायची तर शाखाप्रमुखाची शिफारस लागायची, आणि नोकरी नाही तर व्हिसा नाही. त्यांना परत जायचं नव्हतं. नाशिकला फ्लॅट होता, पण त्याचं नाव काढलं की म्हणायचे, "तिथे मला कोण ओळखतं? इथे शारजात रोल्ला बाजारातला भाजीवालासुद्धा मी दिसलो की कोथिंबीर बाजूला काढतो." नेमके त्याच वेळी जुने प्रमुख बदलून गेले आणि टोकियोहून मोरिता-सान आले. हे गृहस्थ हसत नव्हते, रागवत नव्हते, लिफ्टमध्ये भेटले तर मान लववून दाराकडे बघत राहायचे. त्यांच्या स्वागताच्या पार्टीवर आपलं सगळं अवलंबून आहे, असं रेगेसाहेबांनी मनाशी धरलं. महिनाभर माझे पाय तपासले गेले.

पार्टी शुक्रवारी दुपारी होती, कारण शुक्रवारी आमचं ऑफिस अर्धा दिवस. मीठ वाढलं गेलं, कार्टूनवर सगळे ओरडले, ढोलाच्या गाण्याला आमचा मल्याळी ड्रायव्हरसुद्धा गोल फिरला. मोरिता-सान मात्र कोपऱ्यात बसून होते. आणि मग, कुणी आग्रह न करता, ते उठले, माइक घेतला आणि त्यांनी स्वतःच एक संथ गाणं लावलं. डोळे मिटून गायले. मला त्यातलं काही कळलं नाही, पाय हलण्याचा तर प्रश्नच नव्हता, तरी हातातला ग्लास मी खाली ठेवला, एवढं खरं.

गाणं संपलं. रेगेसाहेब उठले, दोन्ही हात जोडून मोरिता-सानांना नमस्कार केला आणि सरळ जाऊन मशीन बंद केलं. मग दिवे लावले आणि लोकांना त्यांच्या पिशव्या द्यायला लागले. अजून सुशी यायची होती. जपानी मंडळी एकमेकांकडे बघत उभी राहिली. मोरिता-सानांच्या हातात माइक तसाच होता. शेवटी सगळे बाहेर पडले, कारण दारात रेगेसाहेब अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत उभे होते.

गाडीत मी विचारलं, साहेब, हे काय केलंत? त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "अरे, भैरवी झाली! भैरवीनंतर कुणी गातं का? त्या माणसानं इतकं दिलं, त्यावर परत कार्टून लावू?" हॉल संध्याकाळपर्यंत घेतला होता आणि मोरिता-सानांचा तो पहिलाच सूर होता, हे मी सांगितल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. 

सोमवारी मोरिता-सानांनी मला बोलावलं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत भैरवी समजावली: आमच्याकडे मैफल तिनं संपते, तिच्यानंतर गाणं म्हणजे गाणाऱ्याचा अपमान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण मी तर आत्ता कुठे सुरुवात केली होती." एवढंच. रागानं म्हणाले की वाईट वाटून, हे त्या चेहऱ्यावरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

मुदतवाढ मिळाली नाही. मोरिता-सानांनी शिफारस केली होती, टोकियोनं नाकारली, असं एचआरवाली सांगायची. दुसरे म्हणायचे, शिफारस केलीच नव्हती. रेगेसाहेबांनी कुणालाच विचारलं नाही. "मशीन मी बंद केलं ना," एवढंच म्हणाले आणि सामान बांधायला लागले. मला त्या दिवसांत त्यांच्या गाडीत बसवत नव्हतं. मला त्या माणसाचा फार लळा लागला होता.

निरोपाची पार्टी त्याच हॉलमध्ये झाली. या वेळी रिमोट मोरिता-सानांच्या हातात होता आणि ते कुणाला देईनात. एक उडतं गाणं संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं, मध्ये श्वास घ्यायला सवड नाही. ढोलाचं गाणं तर पुन्हा पुन्हा. आम्ही टाळ्या देऊन दमलो, निम्मे लोक निघून गेले. शेवटी रेगेसाहेब उठले आणि वाकून म्हणाले की आता तुमचं ते गाणं होऊ द्या, म्हणजे मी निघतो.

मोरिता-सानांनी रिमोट हातानं झाकला. "ते नको," म्हणाले. "ते झालं की तुम्ही जाल."

रेगेसाहेब उभे होते ते खाली बसले. तेवढ्यात हॉलचा माणूस वेळ संपली म्हणून सांगायला आला. मोरिता-सानांनी त्याला परत पाठवलं आणि कार्टूनचं गाणं लावलं.