मावशींचं कागदोपत्री वय

ब्यूटी पार्लरवाल्या मावशींनी लग्न जमताना वय जरासं खाली आणलं, आणि मग हात बसला. पार्लर टाकलं तेव्हा वयातली आणखी काही वर्षं गेली. नवरा वारला त्यानंतर तर मोजणारंच कोणी उरलं नाही. शेवटी धाकटा भाऊ चौऱ्याहत्तरीला पोचला तेव्हा मावशी सहासष्टच्या होत्या. भाऊ त्यांना चारचौघांत ‘ताई’ म्हणे. मावशी गिऱ्हाइकांना सांगत, “लाडाने म्हणतो.” भाऊ मान डोलवी. वाद घालायची त्याची हौस कधीच फिटली होती.

मग मावशींना कमरेवर नागीण उठली. फोड सुकले, पण आग राहिली. अंगावरचा कपडाही सोसेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नसांच्या दुखण्यावर गोळी आहे, पण ती किडनीवाटे बाहेर पडते. आधी रक्त तपासू.”

रिपोर्टात क्रिएटिनिन एक आलं. नॉर्मलच्या चौकटीत.

“म्हणजे किडनी ठणठणीत,” मावशींनी निकाल दिला.

“नुसत्या आकड्यावर जाऊ नका. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून, किडनी ते गाळून टाकते. तुमच्या अंगावर मूठभर मांस नाही, त्यामुळे किडनी मंदावली तरी आकडा साळसूद दिसणार. वय आणि वजन धरून हिशेब करावा लागतो.”

वजन काट्याने सांगितलं, एकेचाळीस किलो. वय मावशींनी सांगितलं. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता, तो सोबत आलेला भाऊ मन लावून वाचू लागला.

किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा हिशेब पस्तीस-छत्तीस मिलीलिटरवर आला. “कमीच आहे, पण तिसाच्या वर आहे; खाली असता तर डोस निम्मा केला असता,” असं म्हणून बाईंनी बेताचा डोस लिहिला, दिवसातून दोनदा.

आग शमली, पण मावशी तरंगू लागल्या. चालताना दाराची चौकट आडवी यायची. बोलता बोलता शब्द घरंगळायचे.

“ताई, डॉक्टरांना खरं काय ते...”

“तू गप्प बस.”

आठवड्याने एक जुनं गिऱ्हाईक भुवया करायला आलं. डावी भुवई झकास झाली. उजवीवर दोरा धरला असताना मावशींना डुलकी लागली. जागं होऊन पाहतात तो भुवईचं शेपूट नाहीसं झालेलं. गिऱ्हाईक आरशाजवळ सरकलं.

“मावशी, ही कुठे गेली हो?”

चौकटीवर आपटल्या तेव्हा मावशी घाबरल्या नव्हत्या. आता मात्र घाबरल्या. त्यांनी पेन्सिलीने भुवई काढून दिली, शटर ओढलं आणि दवाखाना गाठला.

“वयात दुरुस्ती आहे,” त्या म्हणाल्या. “दार लावून घ्या.”

“किती?”

“एकोणऐंशी.”

डॉक्टरीणबाईंनी चेहरा हलू दिला नाही. पुन्हा हिशेब केला. “एकोणतीस. तिसाच्या खाली आलात. एवढा डोस तुम्हाला जास्तच होत होता. औषध साचून राहिलं, म्हणून ही झिंग.”

“तेरा वर्षांनी एवढा फरक?”

“त्यात निम्मा दोष माझा. तुमचा चेहरा बघून मी विश्वास ठेवला.”

मावशींना ते मनापासून आवडलं. गोळी कमी झाली, रात्री एकदाच. मनाने पेनकिलर घ्यायची बंदी झाली, आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं ठरलं. चार-पाच दिवसांत पाय जमिनीला टेकले. आग थोडी राहिली, ती मावशींनी चालवून घेतली. पुढच्या तपासणीत आकडा होता तिथेच होता.

पुढे दाढ दुखली तेव्हा त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि काउंटरवर वाकून म्हणाल्या, “औषध देण्याआधी किडनीचा हिशेब धरा. वय हळू लिहा.”

मुलीने लिहिलं हळूच, पण खात्री करायला विचारलं मोठ्याने, “एकोणऐंशी ना, आजी?”

बाकावरची सगळी माणसं वळून बघू लागली. मावशींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “हो. नंबर कितवा आहे?”