बाळाआधीचा स्वेटर

आमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशी मोबाइलवर बघून आयुष्यातला पहिला स्वेटर विणत होत्या, लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी. ओठ हलवत टाके मोजायच्या, "गाढवे, परत चुकलीस!" म्हणत उसवायच्या.

जन्माआधी बाळाचे कपडे करत नाहीत, म्हणून त्या कचरत होत्या. "काही होत नसतं मावशी, विणा," असं मीच ठसक्यात सांगितलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट ना मी!

सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. सासरच्यांनी त्या स्वेटरला बोल लावला आणि लेकीला माहेरी आणून सोडलं.

लोकरीनं बाळ मरत नसतं, हे मी आजही म्हणते. तसं मावशींनाही म्हणाले. माझं टेबल पुसता पुसता त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबरच असंल ताई. तेवढं तिच्या सासूला सांगाया चला."

मी फाइल उघडली.