दादाच्या आवाजानं भरलेली डिस्क

तापानं फणफणलेल्या माणसाला तुम्ही ऑफिसात काहून बोलावलं? हे मी मॅनेजर साहेबांना तीनदा विचारलं. पहिल्यांदा त्यांनी चहा मागवला. दुसऱ्यांदा देवाची इच्छा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांना फोन आला, तो वाजला नव्हता तरी.

या ऑफिसचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो. राग आला की जास्तच निघतात. सध्या रोज निघून राहिले.

ऑफिस पांढुर्ण्याला, संत्र्याच्या व्यापाऱ्याचं. माझा मोठा भाऊ सुनीलदादा तिथला कॉम्प्युटर सांभाळायचा. रोज सौंसरहून गाडीनं जायचा. बागेचा सौदा फोनवर तोंडी होतो आणि दुसऱ्या दिवशी दोघंही बोललेलं नाकारतात. म्हणून दादानं मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात लिनक्सचा दुसरा कॉम्प्युटर बसवला होता. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, हात लावायला काही नसतं. ऑफिसचा प्रत्येक फोन त्यातून जायचा आणि रेकॉर्ड व्हायचा. डिस्क भरली की फोन बंद.

अशीच डिस्क भरली म्हणून दादाला तापात बोलावलं. चार दिवसांनी तो गेला.

*

दहाव्याच्या दिवशी आम्ही नदीवर होतो. पिंड ठेवलेला, कावळा येत नव्हता. साहेबांचा फोन आला.

"डिस्क पुन्हा फुल झाली रे. तुले सुनीलनं शिकवलं होतं ना?"

"साहेब, आज दादाचं दहावं आहे."

"असं का," म्हणाले, "मग दुपारून ये."

*

मी जाईपर्यंत त्यांनी स्वतः इलाज करून पाहिला होता. नागपूरहून नवी डिस्क आणली, मोठ्या कॉम्प्युटरमध्ये बसवली, नारळ फोडला, जामसांवलीच्या हनुमानाचा प्रसाद वाटला. फोन बंद ते बंदच. जागा बाहेरच्या कॉम्प्युटरला मिळाली, आतल्याला तिचा पत्ताच नाही.

बिलं बनवणाऱ्या वंदनाताई मला म्हणाल्या, "नारळ बाहेरच्यापुढे फोडला ना बाबू, आतल्याले काय माहीत."

*

मी आठवी नापास. त्याच व्यापाऱ्याकडे संत्र्याच्या पेट्या उचलतो. पण दादानं एकदा चिडून माझ्या वहीत चार कमांड लिहून दिल्या होत्या. "समजू नको," म्हणे, "नुसतं पाहून टाइप कर."

भादरलेल्या डोक्यानं मी त्याच्या खुर्चीवर बसलो. पहिली कमांड टाकली. डिस्क शंभर टक्के भरलेली. दुसरीनं मोठे फोल्डर दाखवले. सगळ्यात मोठं रेकॉर्डिंगचं.

"जुनं सगळं उडव," साहेब म्हणाले.

काय आहे पाहावं म्हणून एक उघडलं. स्पीकर चालू होता.

"बोला काका," दादा म्हणाला, "संत्र्याचा आंबिया बहार कसा आहे औंदा?"

वंदनाताईंनी पदर तोंडाला लावला. साहेब म्हणाले, "आवाज कमी कर, मालक आत बसले आहेत."

*

मी म्हटलं, हे सगळं पेनड्राइव्हमध्ये घरी नेतो, मग उडवतो. आई ऐकेल.

"कंपनीचा डेटा आहे. बाहेर जात नाही."

"आवाज तर आमच्या घरचा आहे."

"तुले कायदा समजत नाही," म्हणाले. खरं आहे. मला कायदा समजत नाही. मला फक्त हे समजलं की इथून उडवला की तो आवाज जगात कुठंच राहणार नाही.

*

मग मी खालचं फोल्डर पाहिलं. ते दुसऱ्या नंबरचं. साहेबांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ. हरवू नये म्हणून साहेब दरवेळी दादाला सांगायचे, अजून एक कॉपी टाकून ठेव. एकाशेजारी एक, चार कॉप्या.

"साहेब, ताईचं लग्न चारदा लागलं आहे. तीन मोडू का?"

वंदनाताईंना हसू फुटलं आणि त्यातच रडूही. साहेब काय म्हणतात ते ऐकायला मी थांबलो नाही. वहीतली तिसरी, उडवायची कमांड टाकून एंटर मारलं. डिस्क शंभरवरून एकसष्टवर आली.

"रेकॉर्डिंगही उडवून टाक, म्हणजे पुन्हा भरणार नाही."

मी खुर्ची मागे सरकवली. "या, तुमच्या हातानं उडवा."

साहेबांनी कीबोर्डकडे पाहिलं. मालकांच्या दाराकडे पाहिलं. अख्ख्या ऑफिसात माझ्याशिवाय उडवता येणारा एकही माणूस नव्हता.

*

वहीतली चौथी कमांड फोन परत सुरू करायची. ती टाकली आणि मिनिटभरात टेबलावरचा फोन वाजला. सवयीनं मीच उचलला. माझा आवाज दादासारखाच आहे, लोक नेहमी फसतात.

मोहगावचे एक म्हातारे बागवाले होते.

"सुनील, कवापासून लावून राहिलो बाप्पा. कुठी गेला होतास तू?"

मी म्हटलं, "थांबा काका, ते साहेब सांगतात." आणि फोन साहेबांच्या टेबलावर जोडून दिला.